शुद्धलेखन

धरणगावच्या कॉलेजात वाङ्मय मंडळ म्हणजे
जिन्याखालची काचपेटी, तिची किल्ली
आणि मी, सचिव.
दर पंधरवड्याला भित्तिपत्रक. मैद्याची खळ
धुडकूनाना कँटीनच्या स्टोव्हवर करून द्यायचे.
झुरळं तिच्यावर टपलेली,
तेवढेच आमचे नियमित वाचक.

एन.सी.सी.ला बूट होते,
नाट्यमंडळाला निदान एक पडदा.
आमच्याकडे लाल पेन.

एफ.वाय.च्या विमल बडगुजरनं वहीचं पान दिलं,
चार घड्या घातलेलं:
"मन्ही माय जिनमा कामले जास,
घर उनी का तिना केसस्मा कापूस ऱ्हास."

मी 'मन्ही'चं 'माझी' केलं, 'जास'चं 'जाते'.
'माय' खोडून 'आई'.
वळणदार अक्षरात उतरवून मधोमध लावलं,
वर झेंडूचं चित्र, जागा उरली होती म्हणून.

ती काचेसमोर उभी राहिली.
सगळं वाचलं, खालचं स्वतःचं नावसुद्धा.
म्हणाली, "छान आहे. कोणाची आई?"

तिची पाचची एरंडोल गाडी होती.
मंडळात ती पुन्हा आली नाही.
खो-खोत दिसायची,
खांबाला वळसा घालून भलतीकडेच निघालेली.

मूळ पान खळीच्या वाटीखाली राहिलं होतं.
वाळल्यावर सुटेना.

घरी आईला सांगितलं हे सगळं,
अर्थात अहिराणीत.
तिनं तव्यावरची भाकर उलटली.
"बठ," म्हणे, "आधी खाई ले."