रेषेच्या वर

सोमवारी ड्राइव्हवेवर दोन फळ्या टाकून
ड्रायव्हरनं उतरवला वीस यार्डांचा डबा.
"रेषेच्या वर भरायचं नाही. रंग, बॅटऱ्या चालणार नाहीत."
सही घेतली, गेला.

आधी स्वयंपाकघरातली कपाटं, मग भिंतींचं प्लास्टर.
दोन टन बघता बघता संपतात.
बुधवारी सकाळी आत कुणाची तरी गादी;
समोरचा अर्नी निएमी त्या दिवशी
फारच मन लावून बर्फ उपसत होता.

गुरुवारी न्हाणीघरातला लोखंडी टब. चौघांनी ढकलला.
रात्री इल्सा दिसेना,
टॉर्च घेऊन दुलूथच्या थंडीत बाहेर आलो:
डब्यात, टबात, कोट घालून
पाय लांब करून बसलेली.
"पाणी कधीच पुरेसं तापलं नाही," म्हणाली.

मी शिडी धरून उभा.
रेषेच्या वर
फक्त तिचं डोकं.