उगमाशी कपात

पणजीला, बेकरीच्या माडीवर,
आग्नेलबाब माझं गाणं पालथं घालून
खालचे आकडे बघतात.
अकरा हजार चारशे सहा. वर्षाचे.
परदेशातून आलेले, म्हणून पंधरा टक्के
तिकडेच कापून.
"ही उगमाशी कपात. दाखला आण,
इथल्या करात वळती करून घेऊ."

घुमटाचं कातडं खर्चात धरतात?
"पावती?"
कातडं चढवणारा डिचोलीचा म्हातारा
सही मागितली की हसतो.

मग उगमाचं मी बोलतच नाही,
की गाण्याच्या आरंभीचा तो लोखंडी ठोका
चोडणच्या फेरीबोटीचा आहे,
फळी धक्क्याला टेकते तेव्हाचा,
एका मंगळवारी फुकट टिपलेला.
माइक बघून खलाशी शाबा ओरडला होता,
"परत आपटू?"
आणि परत आपटली होती, जरा जोरात.
गाण्यात आहे ती दुसरी.

संध्याकाळी रायबंदरला फेरीत चढतो.
पायी माणसाला भाडं नाही.
पलीकडे फळी पडते.
शाबा माझ्याकडे बघतो, मी पाण्याकडे.

खिशात आग्नेलबाबांच्या फीची पावती, दोन हजारांची.
ही मात्र, म्हणाले,
खर्चात धरता येते.