लगोरी, अबू शगारा

विश्राम घाडी गेला तेव्हा त्याचा फोन
छातीवर उताणा पडून होता
आणि त्यात कुणीतरी माणूस
तव्यावर बांगडे परतत होता,
पुन्हा पुन्हा, तेच बांगडे.
वय एकेचाळीस. जेबेल अलीची खोली, वरचा बिछाना.
खाली कंपनीची बस हॉर्न देऊन देऊन गेली,
तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

महिन्याभराने मंडळाने हृदयतपासणी ठेवली.
हळदीकुंकवाला मांडतो तीच टेबलं,
वर रक्तदाबाची यंत्रं.
मी आपला समोशासाठी गेलेलो.
नर्स लिझीने पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला,
पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला.
"चेट्टा, निघालात कुठे? बसा."

दोन स्टेंट.
डॉक्टरने पेनाने काढून दाखवलं माझं हृदय.
मला तो करूळचा घाट वाटला,
दोन जागी दरड आलेला.
"चाला," म्हणाला. "रोज चाळीस मिनिटं."
चाला! पण कुठे?
पार्किंगमध्ये गाड्या, रस्त्यावर गाड्या,
गाड्यांच्या मध्ये मी, वेळ संपवत.

आमच्या घरात माणसं तीन आणि पडदे पाच.
खिडकीचा धरून सहा;
तो तेवढा कुणी बघत नाही.
शर्वाणीला हाक मारली तर ती "हं" म्हणते.
ते "हं" मला नसतं,
असं माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.
तिला काय बोलू? मी ऑफिसातून येऊन
सोफ्यावर तसाच तर पडायचो.

इमारतीमागे रेतीचा एक तुकडा आहे.
तिथे नातूर गुल झमीनने
तीनशे चारच्या न्हाणीघराच्या फुटक्या फरशा टाकलेल्या.
चालता चालता दम लागला म्हणून बसलो,
बसलो म्हणून हात चाळवले,
सात फरशा एकावर एक चढल्या.
मी काही ठरवलं नव्हतं.

"अंकल, हा कुठला गेम?"
पारकरांचा हुजैफा. डोळे फोनवर, पाय माझ्याकडे.
"लगोरी."
"लेव्हल किती?"
"सात."
"चार्जिंग?"
मी टेनिसचा जुना चेंडू त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दोघं आली.
तिसऱ्या दिवशी कुणीच नाही; मी एकटाच
फरशा पाडत आणि रचत बसलो, येड्यासारखा.
शुक्रवारी अकरा जण.
फोन ठेवायला गुल झमीनने तुपाचा रिकामा डबा दिला.
आधी तो डबा मधमाश्यांचं पोळं असल्यासारखा गुणगुणायचा
आणि मुलं खेळता खेळता तिकडे माना वळवायची.
मग आरडाओरडा एवढा वाढला
की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली.
तक्रार ऐकून मला काय आनंद झाला!

काल मगरिबच्या अजानीआधी
शेवटची फरशी ठेवायला मी धावलो.
ठेवली. आणि शर्वाणीने मनगट धरलं,
लिझीने शिबिरात शिकवलं तसं,
दोन बोटं, अंगठा नाही.
ओठ हलत होते. पंधरा सेकंद, गुणिले चार.
"एकशे बत्तीस. बाबा, तुम्ही आउट."
"मला चेंडू लागलाच नाही!"
"तरी आउट. बसा."
बोटं तिने काढली नाहीत.
अंधार पडेपर्यंत ती मोजत होती,
आकडा सांगितला नाही.

विश्रामचा फोन आता त्याच्या मुलाकडे आहे,
कुडाळला. नंबर तोच, फोटोही तोच.
रात्री उशिरा त्या नावापुढे
हिरवा ठिपका लागतो: घाडी जागा आहे.
पहिल्यांदा दिसला तेव्हा माझे हात थंड पडले होते.
काल मी त्याला सात फरशांचा फोटो पाठवला.
बराच वेळ तो काहीतरी लिहीत होता,
खोडत होता.
"काका, आमच्याकडे फरशा नाहीत.
पडवीची कौलं आहेत, चालतील?"
"चालतील," मी लिहिलं. "फुटकी घे.
आईला विचारून घे."

थोड्या वेळाने ठिपका विझला.
या खेपेला मी घाबरलो नाही.