उचल, ठेव

पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं, वाकळेत गुंडाळलेलं.
पहाटे साडेचारला, अंबाजोगाईच्या स्टँडवर
मी आणि एका हमालानं मिळून उतरवलं.
हमाल म्हणाला, देव आहे का?
मी म्हणालो, मशीन आहे, टेबलावर बसणारं.
बरं, म्हणाला, आणि वीस रुपये जास्त घेतले.

आम्ही काट्यांचे बोर्ड बनवतो:
दूध डेअरीचे, भुसार अडतीचे, कापसाच्या व्यापाऱ्याचे.
एका बोर्डावर एकशे बारा नग,
त्यातले सत्तर राळ्याच्या दाण्याएवढे.
ते प्रयागबाई लावायच्या, चिमट्यानं,
जिभेचं टोक ओठात धरून.
दिवसाला अकरा बोर्ड. लाईट असली तर.

पडद्यावरची भाषा चिनी.
तहसीननं मोबाईल समोर धरून अर्थ काढला,
मी चिकटपट्टीवर पेनानं लिहून
दोन बटनांवर लावलं: उचल. ठेव.

प्रयागबाईंनी एकेक अक्षर लावून वाचलं
आणि हसू आवरेना त्यांना.
"उचल आमी घ्यायचो की, मुकादमाकडून,
एका कोयत्याला पन्नास हजार.
मालक गेले तवा फिटली."
आणि ठेव?
"पतसंस्थेत व्हती. पतसंस्थाच उठली."
तहसीनही हसली. मग कुणीच हसलं नाही,
कारण मशीननं पहिला नग उचलला होता.

बारीक नळीनं हवा ओढून उचलतं,
खालच्या कॅमेऱ्याला पोट दाखवतं,
वाकडा असला तर हवेतच सरळ करतं,
मग ठेवतं. टक्.
मे महिना, आणि पंखा बंद,
वाऱ्यानं नग उडतात म्हणून.
आम्ही तिघं घामानं निथळत उभे,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे.

दुसऱ्या दिवशी बिघडलं.
टक् टक् चालू, बोर्ड मात्र कोरा.
मी सेटिंग बघतोय, पुण्याला फोन लावतोय,
तो पोरगा म्हणतोय, सर, कॅलिब्रेशन करा.
प्रयागबाई पाठमोऱ्या, कोपऱ्यात रिले जोडत होत्या.
मान न वळवता म्हणाल्या,
"रिकामंच जायलंय ते. आवाज पोकळ यायलाय.
पोकळ ऊस कोयत्याला कळतो, तसं."
नळीच्या तोंडात सोल्डर पेस्ट सुकली होती.
त्यांनीच सुईनं काढली.
सुई पोलक्याला टोचलेली असते त्यांच्या, कायम.

तेव्हापासून त्या ऐकायला बसतात.
त्यांच्या कामाला काय नाव द्यावं, मला सुचत नाही.
हजेरीच्या वहीत मी नुसती बरोबरची खूण करतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो.
मशीन मागवण्याआधी मी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर
हिशेब मांडला होता: एकीकडे मशीनची किंमत,
दुसरीकडे प्रयागबाईंची अठरा महिन्यांची मजुरी.
पान फाडलं नाही अजून.
त्या वही उघडतात, सही करतात.
शेवटच्या पानापर्यंत जातात की नाही, माहीत नाही.

नव्या बोर्डचा पहिला काटा तयार झाला
तेव्हा त्यांनी दुपारी घरून पिशवी आणली.
पिशवीत कोयता. मूठ झिजून गुळगुळीत,
पात्याला खोबरेल चोळलेलं.
"कारखान्याच्या काट्यावर आख्खी गाडी चढायची," म्हणाल्या,
"तो सांगल ते खरं. बघू, हा काय सांगतो."
ठेवला.
लाल आकडे थोडे हलले, थांबले:
सहाशे चाळीस ग्रॅम.

"एवढाच?"

उचलला. परत ठेवला.
सहाशे चाळीस.

तहसीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
मग मशीनकडे, ते आपलं वेचत होतं.
"चौदा वर्षं," म्हणाल्या. "लई जड वाटायचा गं."

आणि पंखा लाव म्हणाल्या,
एक बोर्ड वाया गेला तर जाऊ दे.