बॉनेटवरची जागा

सातारा स्टँड, फलाट नऊ, रात्री सव्वानऊची सांगली.
दाराखाली उभा राहून हिंदुराव मदने विचारतो,
"येऊ का?"

पायरीवर पाय ठेवलेला नाही.
पास खिशातून अर्धा वर, टोपी हातात.
रीत त्यानं पाळली, एवढं मला कबूल करावं लागतं.

रीत कुठं लिहिलेली नाही.
मला माझ्या उस्तादानं सांगितली, त्याला त्याच्या.
दुसऱ्याच्या गाडीत बॉनेटवर बसायचं तर खालून विचारायचं.
बसल्यावर डुलकी घ्यायची नाही, झोपेची लागण होते.
त्याचा गिअर करकरला तर आपण खिडकीबाहेर बघायचं.
आपल्या पायानं त्याचा ब्रेक दाबायचा नाही.
आणि कराडला चहा. पैसे बसणाऱ्यानं द्यायचे.

माझा पुतण्या विमान चालवतो.
दिवाळीत कोरेगावला आला तेव्हा म्हणाला,
काका, आमच्यातही असंच.
वैमानिकांच्या पाठीमागं घडीची एक खुर्ची असते,
घरी निघालेला दुसरा वैमानिक तिच्यावर बसतो,
पण आधी कॅप्टनला विचारून.
"आणि भांडण असलं तर?"
"मग दोन तास ढग बघायचे."
मला उगीच बरं वाटलं.
इतक्या वर जाऊनसुद्धा
माणूस शेवटी बॉनेटवरच बसतो.

भांडण आहे.
संपाचा एक्केचाळिसावा दिवस.
पुढं पोलिसांची जीप, मागं पोलिसांची जीप,
मधे मदनेची गाडी, काचेला जाळी, आत सात प्रवासी.
आम्ही डेपोच्या गेटवर.
मी त्याला नावानं हाक मारली.
त्यानं मान वळवली नाही, हॉर्न दिला नाही,
फक्त वायपर चालू केला.
आभाळ कोरडं होतं.
काचेवर कुणीतरी थुंकलं होतं.
मी नव्हे.
मला वाटतं, मी नव्हे.

त्यानंतर पाच महिने मी निलंबित,
पहाटे तीनला दुधाचा टेम्पो.
त्याची बायको तेव्हा मिरजेला दवाखान्यात होती म्हणतात.
म्हणतात.
मी चौकशी केली नाही,
तेवढा राग मला पुरवायचा होता.

दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तीही रीतच.
कंडक्टर शबाना मुलाणी घंटीच्या दोरीला हात लावून थांबलेली.
माझ्या तोंडून निघालं, "या."
"या की" नव्हे.
नुसतं "या".

शेंद्रे गेलं. नागठाणे गेलं. अतीत गेलं.
तो समोर बघतोय, मी समोर बघतोय,
दोघांच्या मधे इंजिन तेवढं बोलतंय.

काशीळच्या अलीकडं
उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या,
ना दिवा, ना लाल पट्टी,
अंधारात नुसता अंधाराचा ढीग.
मी ब्रेक दाबला.
त्याच क्षणाला बाजूला चप्पल आपटली.
त्याचाही पाय रुतला होता,
जिथं ब्रेक नाही तिथं.

ऊस काचेला टेकल्यासारखा थांबला.
पाचटाचं एक पान वायपरमध्ये अडकून फडफडत राहिलं.
मागं कुणाचा तरी डबा पडला, एक पोरगं रडायला लागलं.
मदनेनं पाय मागं घेतला,
चोरी सापडल्यासारखा.
"चुकलं," म्हणाला.

कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

कराडला तो तीन चहा घेऊन आला.
मी प्यालो.
आणि दहाची नोट बॉनेटवर ठेवली, त्याच्या गुडघ्याजवळ.
त्यानं नोटेकडं बघितलं,
मग खिडकीबाहेर.
वाठार, कासेगाव, नेर्ले,
नोट गरम पत्र्यावर थरथरत राहिली,
उडालीही नाही.

पेठ नाक्याला तो उतरला.
उतरताना दार हळू लावलं,
आपल्या गाडीचं लावतात तसं.
रस्ता ओलांडेपर्यंत मी दिवे त्याच्यावर ठेवले.
ट्रक फार असतात तिथं, म्हणून.

शबाना पुढं आली. "नोट कुणाची?"
"गाडीची," म्हणालो,
आणि आष्ट्याच्या रस्त्याला लागलो.