प्रॉम्प्टरची प्रत

सावई-वेऱ्याच्या देवळामागच्या खोलीत
फुटक्या समया, गुंडाळलेला पडदा,
आणि पत्र्याच्या ट्रंकेत ही प्रत.
कडा वाळवीनं चाखलेल्या.
पाच अंकी प्रीतिप्रहसन.
पहिल्या पानावर निळ्या शाईत:
प्रॉम्प्टर, घनश्याम केरकर.
माझ्या आईचे मामा.

जत्रेआधीची झाडलोट तशीच टाकून
मी पायरीवर वाचत बसले.

नायक गायनमास्तर होऊन घरात शिरतो,
नायिकेचा बाप सोयीपुरता बहिरा,
चिठ्ठी भलत्याच उशीखाली जाते
आणि आत्या नवी चोळी शिवायला टाकते.
मी हसले. इतकी मोठ्यानं,
की नारळ सोलणारा बाबनी
कोयता थांबवून बघत राहिला.

तिसऱ्या अंकात तो तिच्या खोलीत लपतो.
रात्रभर. तिला न सांगता.
समासात तांबडी पेन्सिल: इथे हशा.
गेल्याच महिन्यात, फोंड्याच्या आमच्या बँकेत,
समितीची तिसरी सदस्य म्हणून
अशाच एका कागदावर मी सही केली.
तोंडावरचं हसू कुठं ठेवावं कळेना.

शेवटी बाप तिचा हात त्याच्या हातात देतो.
तिला वाक्य नाही.
कंसात नुसतं: (लाजते.)

पण तिथेच, आडवं, घाईत लिहिलेलं:
"पूण म्हाका कोणें विचारलें?"
खाली मामांचं अक्षर:
१९६३. सगुण शिंप्याने पदरचं घातलं. पुन्हा घालू नये.
१९६४. घातलं. हशा.
१९६५. घातलं. हशा नाही.
बायकांच्या बाजूला कुणीतरी एकटीनं टाळी वाजवली.

सगुण. दिवसभर बायकांची मापं घेणारा,
उत्सवापुरती मिशी उतरवणारा.
टेप धरून खाली मान घालून
त्यानं काय काय ऐकलं असेल.
पदरचं, म्हणे.
पदर उसना होता, वाक्यही बहुधा उसनंच.

यंदा पोरं हेच नाटक बसवताहेत.
मला म्हणाली, काय कापायचं ते तू सांग.
तिसऱ्या अंकावर माझी पेन्सिल अजून अडलीय,
'इथे हशा' खोडवत नाही, ठेववत नाही.
पाचव्यातलं ते आडवं वाक्य
मी शाईनं गिरवून ठेवलंय.

आत्या कोण करणार, एवढंच ठरत नाही.
तालमीला गेले की सगळे
माझ्याच चोळीकडे बघतात,
शिवायला टाकलीय का म्हणून.