एकतीस पट्ट्या

हेल्दुरने आधी पेन्सिल सेल घातले,
चारातला एक टीव्हीच्या रिमोटमधून काढलेला.
झाकण बसेना, मग त्यावर चिकटपट्टी.
यंत्र कुणीतरी वापरून विकलेलं, तालिनहून टपालाने
या बेटावर आलेलं. माइकवर स्पंजची काळी टोपी,
कडेला कुरतडलेली.
माहितीपुस्तिका चार भाषांत,
त्यातली एकही त्याची नाही.

चित्रात मात्र स्पष्ट होतं: हात लांब करून धरा.
आपलं अंगही एक भिंतच,
आवाज आपल्यावर आपटून परततो
आणि मोजताना आपणच मध्ये येतो.
हे त्याला लगेच पटलं. चाळीस वर्षं करवतीच्या यंत्रापाशी गेलेला सुतार,
खुणेवर स्वतःची सावली पडू द्यायची नसते
एवढं त्याला ठाऊक.

बटण दाबलं. एकतीस पट्ट्या उठल्या,
डावीकडे ढोल, उजवीकडे सुई.
सभागृह रिकामं, कोणी बोलत नाही,
तरी डावीकडून पाचवी खाली बसायला तयार नाही.
पन्नास हर्ट्झ.
दिवे घालवले. ॲम्प्लिफायर बंद केला.
शेवटी स्वयंपाकघरातला फ्रिज,
आत हेरिंगची एक बरणी, कुणाची कोण जाणे.
प्लग उपटला, आणि पट्टी मटकन बसली.
आवाज होता हे
आवाज गेल्यावर कळलं.

मग स्पीकरमधून गुलाबी गोंगाट सोडला.
(थंडी गुलाबी असते हे आपल्याला माहीत. गोंगाटही असतो.)
तो सगळ्या पट्ट्यांना सारखं खायला घालतो,
मग माजलेली कोणती ते दिसतं.
अडीच हजारांवर एक सापडली.
हीच ती, दर बुधवारी वीवेच्या माइकमधून किंचाळणारी.
तिला तीन डेसिबल खाली ओढलं,
मग रागाने अजून एक.

एका बटणावर ए, सी, झेड.
ए म्हणजे माणसाच्या कानासारखं ऐकायचं:
खर्ज बराचसा सोडून द्यायचा, मधलं तेवढं उचलायचं.
झेड म्हणजे आहे ते आहे.
हेल्दुर हसला. यंत्राला म्हणे कमी ऐकू येण्याची सोय!
त्याने झेड लावलं.

बुधवारी गायकवृंद जमला की वीवे न चुकता म्हणते,
कुरणाकडची खिडकी लाव रे, काय हा कालवा.
तो लावतो. मनात म्हणतो, बाईला थंडी वाजते
पण कबूल करायचं नाही.

आज शनिवार. जुलै. रात्रीचे साडेनऊ, अजून उजेड.
उकडत होतं म्हणून तीच खिडकी उघडली.
पडद्याच्या उजव्या टोकाला
आठ हजार, दहा, साडेबारा,
तीन पट्ट्या ताठ उभ्या.

सेल गेला असेल, त्याने यंत्र हलवलं.
टोपीवर तळवा ठेवला: पट्ट्या खाली.
तळवा काढला: वर.
खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली.
मग यंत्र ओट्यावर ठेवून डोकंच बाहेर काढलं.
जुनिपरची झुडपं. लांब कुणाचा तरी ट्रॅक्टर.
बाकी काही नाही.

रातकिडे गेले, असं तो दहा वर्षं सांगत आला होता.
फवारणीने गेले, कोरड्या वसंतांनी गेले,
भेटेल त्याला. गावाच्या सभेतही दोनदा बोलला,
इतिवृत्तात नोंद आहे.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आणखी एक बटण:
पट्टी खाली आली तरी तिने गाठलेल्या उंचीवर
एक बारीक रेघ थांबून राहते.
ते दाबलं.
खुर्ची खिडकीपाशी ओढली.
उजेड पुरता जाईपर्यंत
कुरण पाहत बसला, मांडीवर.

पुढच्या बुधवारी वीवे पिशवी ठेवायच्या आत
खिडकी लावलेली होती.
ती म्हणाली, तुलाही त्रास होतो ना त्यांचा?
तो वायर गुंडाळत होता.
फार, म्हणाला.